परकं नाक

माझ्या नाकाला सरकारी नोकरी लागली तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. बाकीच्या देहाला दूध संघानं त्याआधीच घरी पाठवलं होतं.

संघात मी दूध उतरवायच्या डॉकवर होतो. गावोगावचे कॅन यायचे, मी झाकण उघडायचो, नाक घालायचो आणि म्हणायचो, ‘घ्या’ किंवा ‘परत’. तिसरा शब्द काढला की लोक हुज्जत घालतात, म्हणून तो कधी काढला नाही. पुढं झाकणातच यंत्र बसलं. दूध नासायच्या बेतात आलं की ते आपणहून ऑफिसला कळवायला लागलं आणि माझ्या हातात नारळ पडला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी बसून हा माणूसघाणा झाला, असं शेजारी म्हणायचे. त्यांची माहिती अपुरी होती, मी पहिल्यापासून तसाच होतो.

नोकरी लागली ती फुफ्फुसाच्या गाठींमुळं. आरोग्य केंद्रात डॉक्टर मुजावर म्हणून तरुण बाई आहेत, त्यांनी आम्हाला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. फुफ्फुसात वाईट गाठ धरली की ती आजूबाजूचं मांस कातरत पसरते. कातरायला ती स्वतःच रसायनं तयार करते, त्यांना कात्र्या म्हणू. संशोधकांनी एक पूड काढली. दम्याचं औषध ओढतात तशी ती तोंडानं ओढायची. पुडीच्या प्रत्येक कणाला वासाचा एक रेणू जणू दोरीनं बांधलेला असतो, आणि ती दोरी त्या कात्र्यांशिवाय कशानं तुटत नाही. फुफ्फुस धड असेल तर दोरी शाबूत राहते आणि कण हळूहळू खोकल्यातून निघून जातात. गाठ असेल तर दोरी तुटते, वास सुटतो आणि श्वासाबरोबर बाहेर येतो. पपनसाची साल सोलताना येतो तसला वास, त्यात थोडं ओलं लोखंड. आमच्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हा वास नसतो, म्हणून तो मुद्दाम निवडलेला.

एक्स-रेत दिसायला गाठ हरभऱ्याएवढी तरी व्हावी लागते. हा वास ती मोहरीएवढी असतानाच येतो, आणि इतका बारीक येतो की यंत्राला लागत नाही, नाकाला लागतो. काही वासांच्या बाबतीत माणसाचं नाक अजून यंत्राच्या पुढं आहे असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मला झाकणातल्या त्या यंत्राची आठवण झाली आणि फार बरं वाटलं.

योजना सुरू झाली तेव्हा मुळात नोकरभरतीचा विचारच नव्हता. घरातल्याच कुणीतरी रोज सकाळी हुंगावं, वास आला तर दवाखाना गाठावा, असं ठरलं होतं. आपल्याकडं घर म्हटलं की चार माणसं असणारच, हे शहाण्यांनी धरून चाललं होतं. पहिल्याच वर्षी ते तोंडावर आपटले. एकेकटी राहणारी माणसं त्यांच्या अंदाजाच्या कितीतरी पट निघाली. त्याहून वाईट म्हणजे जिथं घरात माणसं होती, तिथं त्या माणसांना वास येईना. चाळीस वर्षांच्या संसारातली बायको नवऱ्याचा श्वास हुंगून म्हणायची, काही नाही, आणि दारात आलेला कुरिअरवाला नाक मुरडायचा. नाकाचं काम बातमी देण्याचं. रोजची गोष्ट बातमी राहत नाही, म्हणून थोड्या दिवसांत नाक तिची दखल घेणं सोडून देतं. घरच्यांचं प्रेम कमी नव्हतं, नाकं सरावली होती.

म्हणून परकी नाकं शोधायची मोहीम निघाली. हा वास इतक्या कमी मात्रेत येणारी माणसं शंभरात दोन-चार निघतात, त्यात मी निघालो. पदाचं सरकारी नाव श्वासमित्र. गावानं त्याचं ‘हुंग्या’ करून टाकलं. नियम एकच होता: दारात जायचं, श्वास घ्यायचा, उत्तर द्यायचं आणि परत फिरायचं. घरात बसायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. मित्र म्हणवून घ्यायचं आणि मैत्री तेवढी करायची नाही, असलं हे पद. मला वाटलं, हे आपल्यासाठीच काढलंय.

मगदूमबाई सांगलीत वखारभागात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. साठीच्या आतबाहेर वय, घरात शिवणकाम. तपासणीची पूड त्यांनी ओढलेली होती. पहिल्या सकाळी त्यांनी दार उघडलं, मी कागदी नळकांडं पुढं केलं, त्यांनी त्यातून श्वास सोडला आणि मला पपनसाची साल आली.

“आहे,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “कसला वास येतोय ओ?”

“पपनसाचा.”

“मला लई आवडायचं पपनस,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. चेहरा उतरला होता, तरी म्हणाल्या, “बसा की जरा. पाणी तरी घ्या.”

कॅनवाल्यांपैकी कुणी असं म्हटलं की मी ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचो. त्या दिवशी का बसलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. दुसरं कुणी तिथं नव्हतं.

उपचार सोपा होता. पूड तशीच, दोरी तीच, फक्त दोरीला वासाच्या जागी औषध. कात्रीनं दोरी तोडली की औषध नेमकं कात्रीवाल्याच्याच अंगावर पडतं, म्हणजे गाठ आपल्या हातानं मरते. खुबी होती ती मात्रेत. वास जास्त असेल तर औषध जास्त, कमी होत गेला तर औषध कमी, आणि वास गेला की औषध त्याच दिवशी बंद. कारण तोडायला कात्री उरली नाही तर तेच औषध धडक्या फुफ्फुसात पडून राहतं आणि तिथं कायमचे वण धरतात. थोडक्यात, बाईंचं जगणं माझ्या एका शब्दावर होतं. शब्द उशिरा आला तरी धोका, लवकर आला तरी धोका.

औषधाबरोबर तपासणीची पूडही त्या रोज ओढायच्या, म्हणून मी रोज जायला लागलो. सुरुवातीला पाण्यापुरता बसायचो. मग एकदा पेपर वाचून होईपर्यंत बसलो. त्या मशिनवर ब्लाउज शिवायच्या, मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचायचो, आणि तासन् तास आम्ही एक शब्द बोलायचो नाही. गप्प बसायला सोबत लागते, हे मला त्या वयात कळलं. मगदूमबाई जैन. कांदा-लसूण नाही आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. मी रात्री नऊला शिळ्यावर भागवणारा माणूस, पण मलाही साडेपाचला भूक लागायला लागली. त्या न विचारता दुसरं ताट घ्यायच्या.

“नियमात बसतंय का हे?” एकदा त्यांनी विचारलं.

“नाही बसत.”

“मग?”

“भाकरी गरम आहे तोवर खाऊ द्या.”

वास कमी होत गेला. मी ‘कमी’ सांगायचो, डॉक्टर मात्रा उतरवायच्या. आणि एका सकाळी नळकांड्यातून नुसती हवा आली. मी दोनदा हुंगून बघितलं. “नाही,” म्हणालो. मगदूमबाई मशिनपाशी जाऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडलो, हे कुणाला सांगितलेलं नाही. औषध बंद झालं. तपासणीची पूड मात्र आठवड्याला एकदा वर्षभर ओढायचीच होती आणि हुंगायला मीच होतो. दर वेळी उत्तर एकच, नाही. माझा दिवस आता त्यांच्याच घरी जायचा.

मग कराडला बहिणीकडं भाच्याचं लग्न निघालं. लग्नानंतरही बहिणीनं ठेवून घेतलं, तिच्या गोठ्यात, मळ्यात दहा-बारा दिवस गेले. मला सांगलीची ओढ लागली होती, आणि कुणाची ओढ लागणं मी विसरूनच गेलो होतो, म्हणून ते सुखाचं वाटत होतं. येताना लाडवांचा डबा घेतला. एसटी स्टँडवरून घरी न जाता थेट वखारभागात गेलो. मगदूमबाईंनी दार उघडलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, “किती दिवस ओ.”

एवढ्या श्वासात मला पपनसाची साल आली. बारीक नव्हती, चांगली ठसठशीत होती.

मी डबा हातात धरून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, “काय झालं?”

“आहे,” मी म्हणालो.

“काय आहे?”

“वास.”

त्यांनी चौकट धरली. “परत आला?”

“परत नाही आला,” मी म्हणालो. “गेलाच नव्हता. मला येत नव्हता.”

डॉक्टर मुजावर यांनी दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढला. गाठ आता फोटोत दिसत होती, हरभऱ्याएवढी झाली होती. त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता आवाज चढेल. तो चढला नाही, त्यामुळं जास्तच वाईट वाटलं.

“रोज किती वेळ बसायचात?” त्यांनी विचारलं.

“दिवस मावळेपर्यंत.”

“म्हणजे तुम्ही घरचेच झाला होता.”

“हो.”

“अजून हातात आहे,” त्या म्हणाल्या. “उपचार पुन्हा सुरू करू. पण तिसऱ्यांदा संधी मिळणार नाही.”

“मला काढा. दुसरं नाक द्या त्यांना.”

“जिल्ह्यात मोजकी नाकं आहेत, काका. रांग तीन महिन्यांची आहे आणि मगदूमबाईंकडं तीन महिने नाहीत. एकदा सुरू केल्यावर मधेच नाक बदलता येत नाही, कमी-जास्त ज्याचं त्यालाच कळतं. त्या बऱ्या झाल्यावरची तपासणी मी दुसऱ्या कुणाकडं देईन. तोवर तुम्हीच.”

“आणि मी?”

“तुम्ही त्यांचं नाक व्हा किंवा सोबत. दोन्ही होता येणार नाही.”

मी विचारलं, बागेत भेटलो तर? उघड्यावर? त्या म्हणाल्या, वास कपड्यांना असतो, केसांना असतो, नको. फोन करा की, फोनला वास नसतो. मी मान हलवली. संघात पन्नास कॅन झाले की मी आवारात जाऊन लिंबाखाली उभा राहायचो, नाक मोकळं करायला. हे ज्याला ठाऊक होतं तोच माणूस त्या खुर्चीत महिनोन् महिने बसला होता. खुर्चीतून उठावंसं वाटलं नाही, इतकंच त्याचं कारण.

मगदूमबाईंना मी दारातूनच सांगितलं. दिवस मावळायला आला होता, आत ताटं घेतलेली दिसत होती, दोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुम्हाला सांगितलं न्हाई कधी,” त्या म्हणाल्या. “आमचे मालक वारले असं तुम्ही धरून चालला असाल.”

“हो.”

“त्यांनी दीक्षा घेतली. मुनी झाले. लग्नाला धा वर्षं झालती. मी हो म्हटलं, घरच्यांनी हो म्हणावं लागतं. पुढं एकदा पायी फिरत त्यांचा विहार इथनं झाला. सगळं गाव दर्शनाला गेलं, मी बी गेले. लांबनं नमस्कार केला. त्यांनी ओळख दाखवली न्हाई. दाखवायचीच नसती, राग न्हाई मला त्याचा.” त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. “माणूस समोर असताना परकं कसं व्हायचं ते मला येतंय, खराडे. तुम्हाला जमतंय का बघा.”

त्यांनी दार लावलं. आतून भांडी उचलल्याचा आवाज आला. मी खाली आलो.

तेव्हापासून माझं काम नियमात बसायला लागलं. नाक ताजं राहावं म्हणून जिन्याच्या तळाशी वास शोषणारा कोळशाचा मुखवटा चढवायचा, दारात काढायचा, नळकांडं पुढं करायचं, एक शब्द बोलायचा आणि वळायचं. ‘आहे’ किंवा ‘कमी’. त्या ‘बरं’ म्हणायच्या. औषध या वेळी जास्त होतं, त्यांच्या जिभेची चव गेली, वजन उतरलं, ब्लाउजाचे खांदे घसरायला लागले. मला विचारावंसं वाटायचं, जेवताय का. विचारलं तर त्या सांगणार, सांगायला श्वास लागणार, आणि तेवढा वेळ मी दारात थांबणार. म्हणून विचारायचो नाही.

फोन केला एकदा. त्यांनी उचलला, मी म्हणालो, “काय करताय?” त्या म्हणाल्या, “काजं करतेय.” मग आम्ही दोघंही थांबलो. त्यांच्या घरात असं थांबलो की मशिन चालायचं, पेपर वाजायचा, वेळ जायचा. फोनवर गप्प बसता येत नाही. दोघांनाही वाटतं, लाइन गेली. “बरं, ठेवते मग,” त्या म्हणाल्या. त्यानंतर मी केला नाही, त्यांचाही आला नाही.

एकदा भाजी मंडईत त्या समोरून आल्या. मी कुठं वळावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पलीकडच्या गल्लीत शिरल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. परकं होणं त्यांना खरंच येत होतं. मी दोडक्याच्या ढिगापुढं उभा राहिलो आणि भाजीवाली म्हणाली, “घेताय का नुसतं बघताय?” घरी येऊन पंखा लावून बसलो. त्या दुपारी मला फार एकटं वाटलं. तसा मी सगळा जन्म एकटाच होतो, पण आतापर्यंत कुणावाचून एकटा नव्हतो.

उन्हाळा गेला. ‘कमी’वरून ‘अगदी कमी’वर आलो. आणि श्रावणातल्या एका सकाळी पुन्हा नळकांड्यातून नुसती हवा आली.

मगदूमबाई माझ्याकडं बघत होत्या. ‘नाही’ ओठांवर आलं होतं, ते मी तिथंच धरलं. गेल्या वेळी हाच शब्द मी याच दारात इतक्याच खात्रीनं बोललो होतो. माझं नाक मला चांगलं वाटत होतं, पण सरावलेल्या नाकालाही आपण चांगलेच आहोत असं वाटत असतं.

“आज सांगत नाही,” मी म्हणालो.

त्यांच्या डोळ्यांत भीती आली. “म्हणजे?”

“कराडला जातो. परत आल्यावर सांगतो.”

डॉक्टरांना कळवलं. गाठ जिवंत असेल तर औषध थांबवणं धोक्याचं, मेली असेल तर चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून त्यांनी तेवढ्या दिवसांपुरतं निम्म्यावर आणलं. मी पहिल्या गाडीनं कराडला गेलो. बहीण म्हणाली, “बोलावल्याशिवाय कसा आलास?” मी सांगितलं, नाक धुवायला आलोय. गोठ्यात झोपलो, शेणात, पेंडीत, ओल्या वैरणीत वावरलो. मगदूमबाईंचा विचार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. नाक विचारानं सरावत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी तेही टाळलं. नाही जमलं ते.

दहा दिवसांनी त्यांच्या दारात उभा राहिलो. मुखवटा काढला. त्यांनी दार उघडलं, काही न बोलता नळकांडं हातात घेतलं आणि श्वास सोडला.

मी डोळे मिटून घेतले. पपनस नव्हतं. लोखंड नव्हतं. “आणखी एकदा,” म्हणालो. त्यांनी आणखी एकदा सोडला. नव्हतं.

दुसरंच काहीतरी येत होतं. हिंगाची फोडणी येत होती. शिलाई मशिनचं तेल, कोऱ्या कापडाची खळ, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या, भिंतीचा जुना चुना. उघड्या दारातून सगळं घर माझ्या नाकावर येत होतं. इतके महिने मी आत बसलो, जेवलो, आणि यातलं काही मला कधी आलं नव्हतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नसतो. मला सगळे वास वेगवेगळे येत होते, पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला येतात तसे.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी नळकांडं चुरगाळलं. डोळे भरून आले होते, पण त्या नेहमीसारखं “बरं” म्हणाल्या. मीही नेहमीसारखा वळलो आणि जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर आलो तेव्हा वरून हाक आली.

“ओ खराडे. आता कुठं चाललाय?”

मी कठड्याला धरून उभा राहिलो. कुठं चाललो होतो ते मला सांगता येईना. पुढची तपासणी आता दुसऱ्या नाकाकडं होती. वर गेलो, दारात चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो. मगदूमबाई मशिनवर बसल्या. दोघांनाही काही सुचत नव्हतं, लग्नघरात लवकर पोहोचलेल्या पाहुण्यांसारखे आम्ही इकडंतिकडं बघत होतो. हिंग येत होता, तेल येत होतं, खळ येत होती. ते वास येईनासे होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं मी ठरवलं.